काडेपेट्यांचा पलंग

अगं ऐक, ऐक, ऐक! चहा नंतर, पाणी नंतर, आधी तो फोन उलटा ठेव आणि माझ्याकडे बघ. मी आत्ता, आत्ता या घटकेला, माझ्या स्वतःच्या खोलीतून बाहेर पडून आलेय. बाहेर म्हणजे फिरायला नाही गं बाई, कायमची बाहेर! खोली गेली माझी! हसू नकोस! आणि कुणी काढून घेतली म्हणशील तर कुणीही नाही, मी दिली, मी माझ्या या दोन हातांनी दिली, वर गोंद लावून दिली, आता ती परत निघत पण नाही... थांब, असं नाही कळायचं तुला. पहिल्यापासून सांगते.

तुला माझी आई माहितीये ना? म्हणजे जुनी आई. बस डेपोत वेळापत्रकाच्या खिडकीत बसायची ती आई. तिची सगळी नोकरी गाड्या वेळेवर सोडण्यात गेली आणि घरी आल्यावर ती आम्हाला सोडायची. आटप, आटप, आटप! मी दात घासत असायचे तेव्हा ती माझी वेणी घालत असायची आणि दादा एका पायात मोजा घालून लंगडत असायचा तोवर ही त्याच्या तोंडात घास कोंबत असायची. बाबा तर चष्म्याचं दुकान उघडायला निघायचे ते शर्टाची बटणं जिन्यात लावत. आमच्या घरात कुणी कधी बसून चहा प्यायलाच नाही, सगळे उभ्याने, रेल्वेच्या फलाटावर असल्यासारखे!

तर ती आई निवृत्त झाली. आणि तिला छंद लागला. छोट्या वस्तू बनवायचा. छोट्या म्हणजे किती, तर... ही बघ, ही माझी करंगळी, हिच्या नखावर उशी मावते. खरी उशी! आत कापूस, वर अभ्रा, अभ्र्याला भरतकाम, भरतकामात फूल, फुलाला पाकळ्या, पाकळ्यांना दोन रंग! आणि तिने ठरवलं की आपलंच घर बनवायचं. आपलं, म्हणजे आमचं, राहतं घर. एका फुटाला एक इंच. जुन्या शोकेसचा कप्पा आडवा केला, त्यात पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या, आइस्क्रीमच्या काड्या घासून घासून त्यांची जमीन केली, तिला पॉलिश केलं... आणि तो कप्पा ठेवला हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी.

मी म्हटलं, "आई, कधी पूर्ण होईल गं हे?"

तर माझी आई, गाड्या सोडणारी आई, सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता म्हणते, "होईल. घाई काय आहे?"

घाई काय आहे! तुला सांगते, मी धडपडलेच. या बाईने माझं बालपण पंधरा मिनिटांत आटोपलं आणि आता म्हणते घाई काय आहे!

बरं, कामाला बसणार कुठे? जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. रोज पसारा मांडायचा आणि जेवायची वेळ झाली की आम्ही ओरडणार, "आई, उचल ना ते!" मग ती बिचारी दोऱ्यांची रिळं, कात्र्या, चिमटा, टाचण्या सगळं एका ताटात गोळा करून फ्रिजवर ठेवणार. जेवण झालं की पुन्हा खाली. एकदा काय झालं, बाबा जेवता जेवता थांबले. घास तोंडात, चेहरा गंभीर. आम्हाला वाटलं खडा लागला. बाबांनी दोन बोटं तोंडात घातली आणि शांतपणे एक उशी बाहेर काढली. आईने हात पुढे केला, पदराला पुसली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "अहो, टाके शाबूत आहेत!" नवऱ्याचा घसा शाबूत आहे का, ते नाही विचारलं!

इथपर्यंत ठीक होतं गं. छंद आहे, असू दे, लोक याहून वाईट काय काय करतात. पण मग सोफा झाला. काय सोफा केला होता! हातांना गोल वळण, बारीक बारीक मखमल, आणि आमच्या सोफ्यावर दादाने शाई सांडलेला डाग आहे ना, तो डागसुद्धा, सुईच्या टोकाने दिलेला! आणि तो सोफा तिने छोट्या हॉलमध्ये खिडकीखाली ठेवला. आमचा खरा सोफा भिंतीला होता. झालं! सकाळी उठून ही छोट्या घरासमोर उभी, हातात कप, डोकं कलतं. "अहो, बघा हो, तिकडे किती छान दिसतोय. इकडेही तसाच करू या की!"

बाबा म्हणाले, "अगं, पण खिडकीतून टीव्हीवर ऊन येतं, म्हणून तर..."

"छोट्या घरात एक आणि मोठ्या घरात एक असं चालतं का कुठे?"

हा नियम! हा नियम कुठून आला, कुणी केला, कुणालाच माहीत नाही, पण तो आला तो मुक्कामालाच आला. दादा आणि बाबांनी सोफा उचलला, खिडकीखाली नेला. मग छोट्या घराला पिवळे पडदे झाले, कारण तिच्याकडे पिवळ्या कापडाचाच तुकडा उरला होता. मग मोठ्या घरालाही पिवळे पडदे! दारात छोटं पायपुसणं आलं, त्यावर बारीक उलट्या टाक्यांत 'पाय पुसा' असं भरलेलं. मग मोठंही तसंच. आता पाहुणे येतात, वाचतात आणि शाळेतल्यासारखे निमूट पाय पुसतात.

आणि बाबांनी हे ओळखलं गं! आमचे बाबा बोलत नाहीत, पण ओळखतात सगळं. त्यांच्याकडे दुकानातला बारीक चिमटा आहे ना, चष्म्याचे स्क्रू उचलायचा, तो घेऊन एक दिवस ते गुपचूप छोट्या घरापाशी गेले आणि छोटी आरामखुर्ची सरकवली, टीव्हीसमोर. मोठ्या घरात आरामखुर्ची सरकवायची तर चर्चा, वाद, रुसवेफुगवे. इथे चिमट्याने काम! संध्याकाळी आईने बघितलं. आपला चिमटा घेतला, खुर्ची परत कोपऱ्यात. सकाळी बाबांनी पुन्हा टीव्हीसमोर. दुपारी आईने पुन्हा कोपऱ्यात. दोघं एकमेकांशी गोड बोलतायत, साखर देऊ का म्हणतायत, आणि तिकडे टीव्हीच्या शेजारी युद्ध पेटलंय! आणि दादा? दादाने व्यायामाची सायकल घेतलीये ना, जिच्यावर टॉवेल सोडून कुणी बसलेलं नाही? आईने तीही केली. तारेची, चाकं फिरणारी, आणि वर ओला टॉवेल! तर दादा ती रोज बाल्कनीत ढकलायचा आणि आई रोज आत आणायची. मी म्हटलं, "अगं आई, एकदाच काय ते ठरवून टाका ना सगळे!"

"ठरेल गं. घाई काय आहे?"

आणि मग एक दिवस मी अशीच बघत बसले होते... तुला सांगते, बघत बसायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरात बोटभर फ्रिज, त्यावर आईचं ते ताट, ताटात मोहरीएवढी रिळं. मोरीत बादली, बादलीत मग, साबणाच्या डबीत वापरून झिजलेला साबण! हॉलमध्ये टीव्ही, आणि टीव्हीच्या शेजारी, आता ऐक, टीव्हीच्या शेजारी एक अजून छोटं घर! तांदळाच्या दाण्याएवढं! आणि बघता बघता माझी नजर गेली माझ्या खोलीकडे.

रिकामी.

जमीन आहे, खिडकी आहे, पिवळा पडदा आहे. पलंग नाही. माझा पलंग नाही! झिजलेला साबण आहे, दादाचा ओला टॉवेल आहे, सोफ्यावरचा डाग आहे, आणि पोटच्या मुलीचा पलंग नाही! मी पळत जाऊन बाबांचं भिंग आणलं आणि त्या तांदळाच्या दाण्यात डोकावले, म्हटलं निदान तिथे तरी आहे का मी!

"आई, माझा पलंग?"

"होईल गं."

"कधी?"

"घाई काय आहे?"

आठवडा गेला, महिना गेला. झाडू झाला, झाडूची सुपली झाली, दाराची बेल झाली, दिव्याची बटणं झाली. माझी खोली आपली चकाचक रिकामी, पॉलिश केलेली, भाड्याने द्यायला काढल्यासारखी! आणि दादाला तर काय, आयतं सापडलं. येता जाता चालू, "ठमाबाई, सामान बांधायला घ्या. नवीन भाडेकरू येतोय वाटतं." मी बाबांना विचारलं, "बाबा, आई काही बोलली का हो तुमच्याशी?" तर बाबा भिंग पुसत म्हणतात, "मी खुर्चीत गुंतलोय सध्या."

आणि काल शेजारच्या काकू आल्या. त्यांना ते घर बघायचंच असतं, येतात, वाकतात, आणि सुरू होतात, "अगंबाई! बादली! अगंबाई! मग! अगंबाई, मगाला दांडा!" आणि बघता बघता माझ्या खोलीशी थांबल्या. "आणि ही गं? ही खोली रिकामी कशी?"

मी स्वयंपाकघरात होते. माझे कान असे उभे!

आणि आई म्हणते, "तिथलं अजून ठरायचंय."

ठरायचंय! काय ठरायचंय? सत्तावीस वर्षं मी तिथे झोपतेय, त्यात ठरायचं काय राहिलंय? आणि काकू कसल्या गप्प बसतायत, त्या लगेच, "बरोबर आहे बाई, मुली काय, आज आहेत, उद्या नाहीत. खोली मोकळी झाली की मग बघायचं." उद्या नाहीत? उद्या कुठे जातेय मी? मला सांगेल का कुणी? माझं ऑफिस घरापासून चालत, माझा पगार माझ्या चपलांना पुरत नाही, मी कुठे जाणार?

मी रात्रभर तळमळले. आणि हे बघ, आमच्या घरात नियम काय? छोट्या घरात जे, तेच मोठ्या घरात. म्हणजे तिथे जर आधी दुसरंच काही येऊन बसलं, कपाट म्हण, काकूंच्या भाचीचा पाळणा म्हण, तर माझा पलंग उचलायला दादा आणि बाबा तयारच आहेत, आता सवय झालीये त्यांना! मग मी ठरवलं. कुणाची वाट बघायची नाही. आपला पलंग आपण करायचा आणि नुसता ठेवायचा नाही, कारण चिमट्याने काय होतं ते मी बघितलंय. चिकटवायचा! पक्का!

आज सकाळी आई आणि काकू दोरा आणायला बाजारात गेल्या. दादा ऑफिसात. मी रजा टाकली. बाबा दुकानात जायच्या आधी बूट घालत होते, त्यांना विचारलं, "बाबा, तुमच्या दुकानातला तो झटकन चिकटणारा गोंद आहे का घरी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून नळी काढून दिली आणि म्हणाले, "निघत नाही हं तो." मी म्हटलं, "तोच हवाय!"

आता पलंग कशाचा करणार? मला कुठे काय येतंय! स्वयंपाकघरात काडेपेट्यांचं पुडकं होतं. म्हटलं, अगदी झकास, सामानाचा पलंग करू, खाली कप्पे! काड्या ओतल्या वाटीत, पेट्या घेतल्या. पहिल्यांदा आडव्या ठेवल्या तर पलंग फारच बुटका, जमिनीवर झोपल्यासारखा. मग उभ्या केल्या, त्यावर अजून रचल्या. झाला पलंग. जरा उंच झाला. म्हणजे त्यावर चढायला शिडी लागली असती, पण म्हटलं असू दे, पलंग आहे हे महत्त्वाचं. मग चादर. अगं, ती चादर! इतकासा तो तुकडा, त्याला चारी बाजूंनी धावदोरा घालायचा, एवढंच. मी मन लावून घातला, वेळ घेतला, म्हटलं घाई काय आहे, आणि उचलायला गेले तर माझा कुर्ता बरोबर उचलला गेला! शिवली होती मी ती, माझ्या मांडीवरच, कुर्त्याला! उसवायला गेले तर फाटली. चादर गेली. मग निदान उशी तरी, म्हणून कापसाचा गोळा केला, त्याला दोरा गुंडाळला, गाठ मारली. टोमॅटोसारखी झाली. ठेवली वर. आणि मग ओतला गोंद! जमिनीला, पेट्यांना, उशीला, माझ्या अंगठ्याला... हा बघ अजून कडक आहे, वाजवून बघ!

चिकटला. हलवून बघितला, अख्खं घर हललं पण पलंग नाही. काय आनंद झाला मला! घर घेतल्यासारखा!

तेवढ्यात कुलूप उघडलं.

आई आली. पिशवी हातात. आणि तिच्यामागे बाबा, म्हणे भिंग विसरलं. आता काय विसरलं आणि काय बघायला आले, ते त्यांचं त्यांना ठाऊक! आईने चप्पल काढली, पाय पुसले, आणि तिची नजर गेली.

मी छाती पुढे काढून उभी. म्हटलं, बोल, आता बोल काय बोलायचंय ते!

आईने पिशवी खाली ठेवली. चष्मा लावला. तोवर बाबांनी आतून भिंग आणलं होतं, ते घेतलं, त्यांनीही दिलं लगेच. वाकली. चिमट्याने एका काडेपेटीचा कप्पा ओढला. तो उघडला. आत ढकलला. दुसरा ओढला. उघडला. आणि हळूच, अगदी हळूच म्हणाली, "कप्पे उघडतात..."

मी म्हटलं, "हो मग!"

"आणि कमरेएवढं. उंची अगदी बरोबर..."

मला कळेना. पलंगाची उंची कमरेएवढी बरोबर कशी?

मग तिने त्या उशीला हात लावला. माझ्या त्या टोमॅटोला. "अगं, आणि टाचण्यांची उशीसुद्धा!" आणि माझ्याकडे वळली तर डोळ्यांत पाणी. खरं पाणी, अगं, माझी आई डेपोतल्या संपाच्या वेळी रडली नाही, गुडघ्याला टाके पडले तेव्हा रडली नाही! म्हणते, "शिवणाचं टेबल! माझं शिवणाचं टेबल केलंस तू?"

तिच्या मागून बाबांनी माझ्याकडे बघितलं. आणि भुवया अशा वर केल्या.

मी तोंड उघडलं होतं गं. शपथ! "आई, तो पलंग आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण ती बोलायला लागली ना... "मी सगळ्यांचं सगळं केलं बघ या घरात. ह्यांची खुर्ची केली, दादाची सायकल केली. माझं काय करावं तेच सुचेना. माझं आहेच काय? जेवणाच्या टेबलाचा कोपरा, तोही तुम्ही उठवेपर्यंत. आणि तू... अख्खी खोली दिलीस? स्वतःची?"

मी म्हटलं, "आई... ते..."

"थांब, थांब!" म्हणाली, आणि पिशवीतून एक डबी काढली. तिच्या चष्म्याची जुनी डबी. उघडली. आणि आत... माझा पलंग! सागवानी दिसणारा, चारी पायांना नक्षी, उशाला मी लहानपणी चिकटवलेला तो अर्धा फाटलेला ससा, तोसुद्धा! आणि त्यावर रजई. अगं काय सांगू तुला, नखाएवढे तुकडे, माझ्या लहानपणच्या एकेका फ्रॉकचा एकेक तुकडा, तो जांभळा ठिपक्यांचा, तो शाळेतला, तो मी फाडला म्हणून मार खाल्लेला... सगळे एकेरी दोऱ्याने जोडलेले, टाका दिसत नाही. म्हणाली, "हीच चालली होती इतके दिवस. तू घरात नसलीस की काढायची. कडेचा दोरा संपला होता, तोच आणायला गेले होते."

मी म्हटलं, "मग काल काकूंना 'ठरायचंय' म्हणालीस ते?"

"उशी खिडकीकडे करावी की भिंतीकडे, ते ठरत नव्हतं गं. आता काय, प्रश्नच मिटला!" आणि तिने तो माझा पलंग चिमट्याने उचलला, त्या माझ्या खोलीवरून नेला, वरून नुसता नेला गं, आणि ठेवला हॉलमध्ये! सोफ्याच्या बाजूला, दादाच्या सायकलीला चिकटून! रजई सारखी केली. मागे सरून बघितलं. "किती छान दिसतोय!"

बाबांनी मान डोलावली. आणि त्या गडबडीत चिमटा काढून आरामखुर्ची टीव्हीसमोर सरकवली आणि तिने हूं की चूं केलं नाही! म्हणजे बाबांचं काम झालं! आईचा सुताराला फोन गेला, दादाला फोन गेला, दादा जेवायच्या सुट्टीत धावत आला, आल्या आल्या वाकून बघतो आणि म्हणतो, "हे टेबल कुठलं, हा तर..." मी त्याच्या पायावर पाय दिला, जोरात. तो म्हणाला, "...तर फारच सुंदर आहे!" आणि मग दोघांनी माझा पलंग उचलला. खरा. मी मध्ये उभी राहून म्हणतेय, "अहो बाबा, राहू द्या की आज, घाई काय आहे?" आणि आई पलीकडून, पदर खोचून, "घाई नाही कशी? सुतार दुपारी येतोय माप घ्यायला! आटप, आटप, ती गादी धर!"

तर आता माझा पलंग हॉलमध्ये आहे. डोक्याशी टीव्ही, पायाशी बाबांची खुर्ची, आणि अंगावर दादाचा टॉवेल ठिबकतोय. काकू येऊन गेल्या, "अगंबाई, मुलगी असावी तर अशी!" म्हणाल्या. आणि मी निघाले तेव्हा आई त्या रिकाम्या खोलीत मधोमध उभी होती, एकटीच, हात पसरून अंदाज घेत होती की टेबल कुठपर्यंत येईल... आणि गुणगुणत होती गं. मी तिला जन्मात गुणगुणताना ऐकलेलं नाही.

आता मला सांग, खरं खरं सांग हं... तू सांगितलं असतंस का तिला, की तो पलंग होता म्हणून? काय केलं असतंस तू?